लेक फौजेविरुद्ध बोलणार का?

नमस्कार मेजर,

हुद्दा हवालदाराचा होता असं तुम्ही लिहिलंय, पण औशाकडं रिटायर फौजीला अख्खं गाव मेजरच म्हणतं. मीही तेच म्हणतो.

तुमचं पत्र थोडक्यात असं: मुलगी लातूरला पत्रकारितेच्या शेवटच्या वर्षाला आहे. एनसीसीचं 'सी' सर्टिफिकेट मिळवलं, पण एसएसबीतून, म्हणजे फौजेतल्या अधिकारी निवडीच्या मुलाखतीतून, दोनदा परत आली. आता म्हणते, फौजेतल्या बायकांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेत जाईन, त्यांचं म्हणणं लोकांपर्यंत पोचवीन. तुम्ही विचारता, यात पोट भरतं का, आणि ज्या फौजेचं मीठ खाल्लं तिच्याविरुद्ध पोरगी बोलणार का?

दुसरा प्रश्न आधी घेतो, तुमची झोप त्यानंच उडालेली दिसते.

नोकरीत असताना परवानगीशिवाय पेपरवाल्याशी बोलता येत होतं का तुम्हाला? संघटना काढता येत होती? वर्दीतल्या बाईलाही तेच नियम. तिची वाट वरिष्ठांकडं, नाहीतर कोर्टात. मग तिची बाजू बाहेर नीट, एकही शब्द न वाढवता मांडायला बाहेरचंच माणूस लागतं. यात फौजेशी वैर कुठं आलं?

१७ फेब्रुवारी २०२० चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आठवा. महिला अधिकाऱ्यांना पर्मनंट कमिशन, म्हणजे निवृत्तीपर्यंतची नोकरी, द्या, कमांडच्या म्हणजे तुकडीच्या प्रमुखाच्या जागा सरसकट बंद ठेवू नका, असं कोर्टानं सांगितलं. सरकारच्या बाजूनं एक मुद्दा असा होता की जवान बहुतेक खेड्यांतून येतात, बाईचा हुकूम मानायची त्यांची मनाची तयारी नाही. कोर्टानं तो उडवून लावला. मला मात्र वाचताना वाटलं, या खेड्यातल्या जवानाला कुणी विचारलं होतं का? तुमच्या लेकीनं पहिली मुलाखत तुमचीच घ्यावी. समोर बाईसाहेब असत्या तर सॅल्यूट ठोकताना हात जड झाला असता का, मेजर? जे असेल ते खरं सांगा. पोरगी कामाची असेल तर नावडतं उत्तरही तसंच छापेल.

आणखी एक: लग्न केलं म्हणून मिलिटरी नर्सिंगमधल्या एका अधिकारी बाईंना १९८८ साली नोकरीतून काढलं होतं. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना ६० लाख रुपये द्यायला लावले. असली गोष्ट आपल्या तालुक्यातल्या नर्सिंगच्या पोरींना मराठीत कुणी सांगितली?

आता पोटाचं. गोड बोलत नाही. अमेरिकेत वर्दीतल्या बायकांसाठीच 'सर्व्हिस विमेन्स ॲक्शन नेटवर्क' ही संस्था २००७ मध्ये मरीन कोअर या सैन्यदलातल्या एका माजी महिला अधिकाऱ्यानं काढली. आपल्याकडं याच एका विषयावर जाहिरात निघेल म्हणून वाट बघत बसू नये. १९६६ पासूनची 'आव्वा' (सुरुवातीचं नाव आर्मी वाइव्ज वेलफेअर असोसिएशन) आहे, पण तिचं काम जवानांच्या कुटुंबांच्या आणि वीरनारींच्या, म्हणजे शहीद जवानांच्या पत्नींच्या, कल्याणाचं. धोरण बदला म्हणून भांडणं वेगळं. म्हणून सुरुवात महिला हक्क, कायदेशीर मदत किंवा आरोग्य यांवरच्या संस्थेतून करावी लागेल. पगार बेताचा आणि बहुतेकदा प्रकल्पाच्या पैशावर. मुलाखतीत लाजू नये, सरळ विचारावं: हा निधी किती महिन्यांचा आहे?

पुढचं शिक्षण मास कम्युनिकेशनचं हवं असेल तर नांदेड आणि संभाजीनगर, दोन्ही विद्यापीठांत सोय आहे. मी मात्र गावपातळीवरचं समाजकार्य शिकवणाऱ्या तुळजापूरच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेकडं बोट दाखवीन. बातमी लिहायला ती शिकलीच आहे. गावात बसून ऐकायला अजून शिकायचंय.

तोवर तिला घेऊन लातूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. तुमची तिथं ओळख असेलच. पेन्शनच्या कागदात अडकलेली एखादी वीरनारी भेटली तर अर्ज लिहून द्यायला मदत करू द्या. पण तिच्या होकाराशिवाय नाव, फोटो, पलटण काहीही बाहेर जाता कामा नये. होकार दिल्यावरही छापायच्या आधी मजकूर वाचून दाखवायचा. सासरी, भावकीत काय पेटेल ते तिला ठाऊक असतं, आपल्याला नाही.

आणि एक काम माझ्याकडून. २०२० च्या त्या निकालातला कमांडचा भाग तिनं अडीचशे शब्दांत मराठीत लिहावा, तुमच्या आईंना वाचून दाखवावा आणि त्या जिथं अडल्या तिथं खूण करून कागद मला पाठवावा.