उंचीच्या काठीजवळ उभं राहायचं असेल तर

अरे,

काल तुझ्या आईचा फोन आला होता, चांगला अर्धा तास. तिचं म्हणणं मी तुला समजवावं की हे अम्युझमेंट पार्कातल्या कामाचं खूळ सोड आणि समरला एसएटीचा, म्हणजे कॉलेज प्रवेशपरीक्षेचा, क्लास लाव, आणि तुझा मेसेज तर त्याच्या आधीच येऊन पडलेला की ताई प्लीज आईला समजव. तिच्याशी बोललेय मी. पूर्ण मानली नाहीये पण "बघू" वर आलीये, आणि आपल्या घरांत बघू म्हणजे निम्मं काम झालं. आता तुला लिहिते. लांबेल जरा, पण हायस्कूल ते कॉलेज मी समर असेच काढलेत, पेनसिल्वेनियातल्या एका पार्कात, झाडू मारण्यापासून टीम लीडपर्यंत, तेव्हा ऐकून घे.

आधी कागदांचं उरकू. तुमचं ग्रीन कार्ड आलंय म्हणून तुला काम करता येतंय, हे लक्षात ठेव, कारण तुझ्या ग्रुपमधल्या निम्म्या मुलांना येत नाही. एच-४ वर, म्हणजे आईबाबांच्या वर्क व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर, असलेल्या मुलाला पगाराचं काम करायची परवानगीच नसते, समर जॉब असो नाहीतर शेजाऱ्यांच्या दुकानात गल्ल्यावर बसणं असो. त्यांच्यातला कुणी म्हणाला की कॅशमध्ये करतो, कोणाला कळतंय, तर त्याला ओळखत असशील तर थांबव, त्याच्या घरच्यांचं अख्खं स्टेटस त्या चार पैशांपायी अडकू शकतं. तुझं सोपं आहे. न्यू जर्सीत १८ च्या आतल्यांना वर्किंग पेपर्स, म्हणजे कामाच्या परवानगीचे कागद, लागतात, पण २०२३ च्या जूनपासून ते सगळं ऑनलाइन झालंय, शाळेत काउन्सेलरमागे फिरायचं नाही. पार्कने नोकरी दिली की ते तुला एक कोड देतात, तो टाकून तू राज्याच्या साइटवर फॉर्म भरायचा आणि मग आईला किंवा बाबांना ईमेल जाते. नाव सगळीकडे सोशल सिक्युरिटी कार्डावर आहे तसंच लिही, मधलं बाबांचं नाव कुठे घालायचं कुठे गाळायचं ही आपली नेहमीची भानगड, ती पहिल्या दिवशीच मिटव, नाहीतर पगाराच्या वेळी लटकशील.

इंटरव्ह्यूचं फार टेन्शन घेऊ नकोस. बऱ्याच पार्कांत ग्रुपमध्येच घेतात, दहा-बारा मुलं गोल बसवतात आणि विचारतात एखादा गेस्ट चिडला तर काय करशील. तिथे स्मार्ट उत्तर द्यायची गरज नसते, समोरच्याकडे बघून नीट आवाजात बोललास की झालं, कारण अर्धी मुलं बुटाकडे बघून बोलतात. त्यांना खरं बघायचं असतं ते म्हणजे तू किती दिवस येणार. आणि इथेच आपल्या मुलांची गोची होते, कारण आपल्याकडे समर म्हणजे इंडिया ट्रिप. तुझ्या आजोबांची पंचाहत्तरी जुलैत आहे नाशिकला, तिकिटं काढलीत हेही मला आईकडून कळलं. मग ते फॉर्मवरच लिही, या तारखेपासून या तारखेपर्यंत मी नाही. फोर्थ ऑफ जुलैचा वीकएंड त्यात येत नसेल तर बरेचदा काही म्हणत नाहीत. जे लपवतात आणि जूनच्या शेवटी सांगतात की अय्या माझी फ्लाइट आहे, त्यांना पुढच्या वर्षी कोणी बोलवत नाही. त्याच्या उलट एक गोष्ट आहे जी कोणी सांगत नाही. ऑगस्टच्या मध्यावर कॉलेजची पोरं निघून जातात आणि पार्क तर लेबर डेपर्यंत, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारपर्यंत, फुल चालू असतो, पुढे हॅलोविनचे वीकएंड पण असतात. तू हायस्कूलमध्ये आहेस, तू तिथेच असणार. तेव्हा जो टिकून असतो त्याला हवं ते काम मागता येतं, म्हणून तेव्हा माग, जूनमध्ये नको.

जाण्यायेण्याचं घरी बसून आत्ताच ठरवा. एडिसनहून जॅक्सनचा पार्क म्हणजे पाऊण तास, रविवारी त्याहून जास्त, आणि तू १६ चा, हातात फक्त शिकाऊ परमिट, म्हणजे तू गाडी चालवलीस तरी शेजारी आई किंवा बाबा बसलेलेच. क्लोजिंग शिफ्ट लागली तर पार्क बंद झाल्यावरही साफसफाई असते, घरी यायला अकरा वाजून जातात. पुढच्या वर्षी १७ ला प्रोबेशनरी लायसन्स मिळेल तेव्हासुद्धा रात्री ११ नंतर गाडी चालवायला बंदी आहे, कामासाठी सूट मिळते पण कामावरून तसं पत्र गाडीत ठेवावं लागतं. तुझी आई खरी यालाच घाबरतेय बरं का, एसएटी हे नुसतं निमित्त. तिला राईडचं लेखी वेळापत्रक दे, तुझ्या टीममधला कोण कुठे राहतो ते सांग, ती अर्धी शांत होईल.

आता काम कुठलं घ्यायचं. तुला कोस्टरवर जायचंय, माहितीये मला. तिथली ती उंच कोस्टर, किंग्डा का, २०२५ च्या फेब्रुवारीत सुरुंग लावून पाडली तेव्हा तू व्हिडिओ पाठवून पाठवून ग्रुप हैराण केलेलास, ४५६ फूट, ताशी १२८ मैल, सगळं तोंडपाठ. पण पॅनलवर, म्हणजे जिथून ट्रेन सोडतात तिथे, बहुतेक पार्कांत १८ झाल्याशिवाय बसवत नाहीत. १६ च्या मुलाला फार तर प्लॅटफॉर्मवर उभं करतात, बेल्ट ओढून बघ, बार खाली दाबून बघ, हात वर कर, पुढची ट्रेन, परत तेच, आठ तास. कोस्टर आवडणाऱ्याला त्यात मजा वाटेलच असं नाही. फूडमध्ये घेतलं तर आधीच विचार काय हाताळायचंय, कारण तुमच्या घरी बीफ चालत नाही आणि बर्गरच्या स्टँडवर उभं राहून मग तोंड वाकडं करण्यात अर्थ नाही, लेमोनेड नाहीतर फनेल केकचा स्टँड मागून घे, सहज देतात. गेम्समध्ये माइकवर ओरडावं लागतं, तू ओरडणारा नाहीस. लाइफगार्डला पोहण्याची परीक्षा असते, ती तू पास होशील, पण ते काम दिसतं त्याच्या दुप्पट कडक आहे. बऱ्याच वॉटर पार्कांत हिशोब असा की १० सेकंदांत बुडणारा माणूस ओळखायचा आणि पुढच्या २० सेकंदांत त्याच्यापर्यंत पोचायचं, आणि कोणीतरी न सांगता येऊन तुझी परीक्षा घेऊन जातं. उन्हात डोकं चालत नाही अशा वेळी सुद्धा.

मला विचारशील तर झाडू घे. पार्क सर्व्हिसेस म्हणतात त्याला, लांब दांड्याचं सुपडं आणि झाडू घेऊन फिरायचं. तुझ्या आईला हे लगेच सांगू नकोस, तिचा जीव वरखाली होईल, अमेरिकेत येऊन पोरगं झाडू मारतंय, आणि नाशिकच्या आजीला तर अजिबात कळवू नकोस. माझ्या आईने कित्येक महिने लोकांना सांगितलं होतं की मी "कस्टमर सर्व्हिसमध्ये" आहे. आपल्याकडे झाडू कोणी मारायचा हे आपण जन्माआधीच ठरवून टाकलेलं असतं आणि ते डोक्यातून काढायला सोळावं वर्ष चांगलं वय आहे, असं माझं प्रामाणिक मत. पण तेवढ्यासाठी घे असं म्हणत नाहीये. झाडूवाल्याला सगळा पार्क फिरायला मिळतो, एका जागी उन्हात उभं राहावं लागत नाही, सगळ्या डिपार्टमेंटची माणसं ओळखीची होतात, आणि लोक नकाशा विचारायला, हरवलेलं पोरगं शोधायला, टॉयलेट कुठे विचारायला तुझ्याकडेच येतात. लोकांशी बोलायची सवय त्यात आपोआप होते. उलटी साफ करावी लागेल, हो. त्यावर टाकायची पावडर मिळते, ती टाक, थोडं थांब, उचल. दोन-तीनदा केल्यावर काही वाटत नाही.

पण काम कुठलंही लागो, पगार मिळतो तो मुख्यतः मोठ्या माणसांना नाही म्हणायचा, आणि आपल्या घरात वाढलेल्या मुलाला तेच सगळ्यात अवघड जातं. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय मोठ्यांना उलट बोलायचं नाही, काका म्हणाले की मान हलवायची. आणि तिथे तू उंचीच्या काठीजवळ उभा, राईडला ५४ इंच लागतात, समोर ५३ इंचांचा पोरगा टाचा उंचावून उभा आणि त्याचा बाप तीन तास गाडी चालवून आलेला. शूजमध्ये नॅपकिन कोंबून आणतात लोक, खोटं नाही सांगत. बाप आधी हसून बोलेल, मग म्हणेल मघाशी दुसऱ्या राईडवर सोडलं की, मग मॅनेजरला बोलाव म्हणेल. आणि सगळ्यात वाईट आपले लोक. शनिवारी दुपारी एडिसन, प्लेन्सबरो, सगळं लोटतं तिकडे. तुझ्या छातीवरचं नाव वाचून एखादी मावशी तोंड भरून हसेल, "अरे मराठी का तू, कुठला?" तू सांगशील, तिला बरं वाटेल, तुलाही बरं वाटेल, आणि लगेच पुढचं वाक्य, "मग सोड ना रे बाळा, अर्धा इंचच तर कमी आहे." अमेरिकन बापाला नाही म्हणणं यापुढे काहीच नाही.

तिथे मन घट्ट ठेव. काठी कुणाला जाच करायला ठेवलेली नाही. तो बार कमरेच्या हाडावर बसावा म्हणून राईड बनवणारी कंपनी शरीराची मापं धरून उंची ठरवते, लहान अंग असलं की ते त्या बारच्या खालून निसटू शकतं. पार्काचा मेकॅनिक रोज सकाळी राईड तपासतो, मग रिकाम्या गाड्या फिरवून बघतात, राज्याचे इन्स्पेक्टर येऊन बघून जातात, आणि एवढं सगळं झाल्यावर शेवटची तपासणी म्हणजे तू आणि ती काठी. म्हणून वाद घालायचाच नाही. पोराला म्हणायचं टाचा खाली, पाठ सरळ, एकदा माप, परत एकदा माप, आणि मग बापाशी नाही तर पोराशी बोल. "आज नाही बसता येणार, पण त्या पलीकडच्या राईडला ४८ चालतं, तिकडे जा." दुसरा पर्याय हातात ठेवून नाही म्हटलं की निम्मे लोक वळतात. उरलेल्यांसाठी लीडला बोलाव, त्यासाठीच असतो तो, तू एकट्याने किल्ला लढवायचा नाही. आणि त्या मावशीला मराठीतच सांग, "मावशी, नाही जमणार." सॉरी-बिरी चारदा म्हणू नकोस, एकदा बास. चारदा म्हटलं की तिला वाटतं अजून थोडं ओढलं तर सुटेल.

नाही आतल्या लोकांनाही म्हणावं लागतं. कचरा दाबायचं मशीन असतं मागच्या बाजूला, कॉम्पॅक्टर, त्याचं बटण १८ च्या आतल्याने दाबायचं नाही असा फेडरल नियम आहे, तसंच मांस कापायचं स्लायसर आणि कणकेचं मोठं मिक्सर. फ्रायर १६ ला चालतो. पण गडबडीच्या दिवशी कोणीतरी घाईत म्हणतंच, अरे दाब ना पटकन, काय होतंय. "मी १६ चा आहे" एवढंच म्हणायचं. भांडण नाही, भाषण नाही, ज्याला नियम माहितीये तो लगेच गप्प होतो. माझ्या इथे ब्रेकवरून हेच चालायचं, लाइन मोठी आहे, अजून थोडा वेळ थांब, अजून थोडा, आणि संध्याकाळ व्हायची. न्यू जर्सीत तुझ्या वयाच्या मुलाला सलग ६ तासांच्या वर ब्रेक न देता ठेवता येत नाही, अर्ध्या तासाचा ब्रेक हा तुझा हक्क आहे. समरमध्ये दिवसाला १० तास आणि आठवड्याला ५० तास ही मर्यादा, आणि पहिल्या महिन्यात तेवढे घेऊच नकोस. उन्हाने माणूस कसा थकतो हे घरात एसीत बसून कळत नाही. डब्यात पोळीचा रोल ने, बाटलीत मीठ घातलेलं ताक ने, तिथल्या फ्राइजवर जगू नकोस. आणि काळा होशील म्हणून आई ओरडेल, तिच्यासमोर सनस्क्रीन लावून निघ.

पैशाचं थोडक्यात. २०२५ ला न्यू जर्सीत किमान दर तासाला १५.४९ डॉलर होता, दर जानेवारीत थोडा वाढतो, पण सीझनल धंद्यांना त्याहून कमी दर चालतो म्हणून ऑफरमध्ये कुठला लिहिलाय ते वाच. वर्षात ७ महिन्यांच्या वर न चालणाऱ्या पार्कांना फेडरल ओव्हरटाइमसुद्धा लागत नाही, तेव्हा ४० तासांनंतर दीडपट मिळेल असं डोक्यात धरून हिशोब मांडू नकोस. पाऊस पडला की घरी पाठवतात, ते तास गेलेच. पहिला चेक बघून धक्का बसेल कारण ७.६५ टक्के सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअरला जातात, ते परत येत नाहीत. इन्कम टॅक्स कापला असेल तर तो मात्र पुढच्या वर्षी रिटर्न भरून परत मिळतो, एवढ्याशा कमाईवर तुला टॅक्स बसतच नाही. तुझ्या बाबांना म्हणावं उरलेल्यातून याच्या नावाने रॉथ, म्हणजे रिटायरमेंटच्या बचतीचं खातं, उघडा, ते अकाउंटवाले आहेत, खूश होतील, एवढ्या एका वाक्याने ते तुझ्या बाजूला येतील बघ. आणि फुकट तिकिटांचं कोणालाच प्रॉमिस करू नकोस. मिळतात काही, पण मराठी मंडळात एकाला कळलं की सगळ्यांना कळतं.

काळे शूज आत्ताच घे, बहुतेक ठिकाणी पूर्ण काळेच लागतात, अर्धा नंबर मोठे घे कारण संध्याकाळपर्यंत पाय सुजतात, आणि घरात घालून फिर आधी. फॉर्म या आठवड्यात टाक, मे उजाडला की चांगल्या जागा गेलेल्या असतात. कोड आला की मला कळव, आणि वर्किंग पेपर्सची ती ईमेल आईच्या स्पॅममध्ये जाऊन बसते, तिथे शोधायला सांग तिला.

ताई