सेरिया काळपट का आला?

प्रश्न : एमएस्सीच्या प्रकल्पासाठी १० ग्रॅम सेरियम नायट्रेट हेक्साहायड्रेट आणि ५ ग्रॅम ग्लायसिन पाण्यात विरघळवून हॉटप्लेटवर ज्वलन-संश्लेषण (मिश्रण पेटवून पावडर बनवणं) केलं. सेरियाची, म्हणजे सेरियम ऑक्साइडची, पावडर फिकट पिवळी यायला हवी होती, ती काळपट राखाडी आली. एक्सआरडीवरून (क्ष-किरण विवर्तन) स्फटिकांचा आकार १८ नॅनोमीटर निघतो, एसईएममध्ये (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक) मात्र कित्येक मायक्रॉनची ढेकळं दिसतात. खरं काय मानायचं?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : ग्लायसिन जवळजवळ दुप्पट पडलंय. हिशेब संयुजांवरून करा. सेरियम व कार्बन अधिक ४, हायड्रोजन अधिक १, ऑक्सिजन उणे २, नायट्रोजन शून्य. त्यावरून नायट्रेट उणे १४ आणि ग्लायसिन अधिक ९ येतं. दोन्हींची बेरीज शून्य व्हायला हवी, म्हणजे एका मोल नायट्रेटला १.५६ मोल ग्लायसिन. तुमच्या १० ग्रॅमला २.७ ग्रॅम पुरे. सेरिया मिळेल ४ ग्रॅमच्या आसपास. जादा इंधनाला, म्हणजे ग्लायसिनला, हवेतला ऑक्सिजन लागतो. भडका काही सेकंदांचाच असल्यानं तो पुरत नाही आणि कार्बन मागे राहतो. आहे ती पावडर टाकू नका. खलात हलकेच मोडून उघड्या मुशीत पातळ पसरा आणि ५०० ते ६०० अंश सेल्सिअसला दोन तास तापवा, रंग उजळेल.

पुढच्या वेळी बीकर किमान ५०० मिलिलिटरचा घ्या. द्रावण मधासारखं घट्ट होतं, फेसाळून वर चढतं, मग कडेला ठिणगी धरते आणि वायूंच्या जोरानं हलकी पावडर बाहेर उडते. तपकिरी धूर नायट्रोजन डायऑक्साइडचा, विषारी. फ्यूम हूडशिवाय (धूर ओढून घेणारं कपाट) हे करूच नका आणि भांडं कधीही झाकू नका. नायट्रेट ओल धरतं, वजन फसतं. ते डेसिकेटरमध्ये (आतली हवा कोरडी ठेवणारं बंद भांडं) ठेवा.

आकाराचे दोन्ही आकडे खरे असू शकतात. शेररचं सूत्र एक्सआरडीतल्या शिखराच्या रुंदीवरून एकसंध स्फटिकाचा आकार सांगतं, एसईएममध्ये दिसते ती स्फटिकांची गुठळी. तांब्याच्या के-अल्फा क्ष-किरणांनी २८.५ अंशांच्या शिखराची अर्ध्या उंचीवरची रुंदी ०.४५ अंश असली, तर आकार १८ नॅनोमीटर येतो. रुंदी रेडियनमध्ये घ्या, आणि सिलिकॉनच्या प्रमाण नमुन्यावरून उपकरणाची स्वतःची रुंदी वजा करा. ही पायरी बरेच जण गाळतात.

सोबत बीईटी (वायू शोषणावरून पृष्ठफळ मोजणारी चाचणी) करून घ्याच. ६००० ला घनता (७.२ ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) आणि प्रति ग्रॅम चौरस मीटरमधलं पृष्ठफळ यांच्या गुणाकारानं भागा, कणाचा आकार नॅनोमीटरमध्ये मिळतो : ४० चौरस मीटरला २१ नॅनोमीटर. हा आकडा ६० वगैरे आला, तर स्फटिक एकमेकांना वितळल्यासारखे चिकटलेत. अल्ट्रासोनिकनं ते सुटणार नाहीत. ग्लायसिन हिशेबापेक्षा थोडं कमी घेतलं तर ज्वाला थंड राहते आणि स्फटिक बारीक येतात, पण फार कमी केलं तर ठिणगीच धरत नाही.