आधी ते स्टॉपवॉच बाजूला ठेवा

पत्र : मुलगी १७ वर्षांची आहे, डॉक्टर व्हायचं म्हणते. मार्क बरे आहेत. एका ठिकाणी तिची विचारपद्धतीची चाचणी करून घेतली. त्यात तीनच प्रश्न होते आणि तिन्ही चुकले. अहवालात ‘अंतःप्रेरणेने विचार करणारी, विश्लेषणाच्या क्षेत्रांसाठी कमी अनुकूल’ असं लिहून आलं. तेव्हापासून मी रोज रात्री स्टॉपवॉच लावून तिच्याकडून अशी कोडी सोडवून घेतो. ते तीन प्रश्न आता ती अर्ध्या मिनिटात सोडवते, पण नवीन दिलं की गडबडते. हल्ली जेवायलाही आमच्यासोबत बसत नाही. तिला डॉक्टरकीचा नाद सोडायला सांगू का? – एक वडील

उत्तर : जेवायला सोबत बसत नाही, हे तुम्ही जाता जाता लिहिलंत. मी तिथेच थांबले. चाचणीचं पुढे बोलूच, पण तुमच्या पत्रातली काळजीची गोष्ट मला ती वाटते.

दिवसभराचा अभ्यास संपवून ती घरात वावरते आणि रात्री बाबा घड्याळ घेऊन समोर बसतात. पहिल्या रात्री ते कोडं असेल. आठवड्याभरात ती रोजची झडती होते. नवीन प्रश्नावर ती गडबडते याचं तुम्हाला आश्चर्य वाटतंय, मला नाही वाटत. समोरचा माणूस आपल्या चुकीची वाट पाहतोय असं वाटत असताना डोकं शांत कसं राहील? जेवणाची वेळ ती टाळते, कारण त्यानंतर काय येणार हे तिला ठाऊक आहे. हे आजपासून बंद करा. ‘मी चुकलो, आता असं करणार नाही’ असं तिला तोंडाने सांगा. ती समजून घेईल असं गृहीत धरू नका.

आता चाचणी. ती बहुधा संशोधक शेन फ्रेडरिक यांनी २००५ मध्ये मांडलेली कॉग्निटिव्ह रिफ्लेक्शन टेस्ट असावी. तिच्यातला एक प्रश्न असा : तळ्यातल्या कमळपानांचा विस्तार रोज दुप्पट होतो, ४८ दिवसांत सगळं तळं झाकतं, तर अर्धं तळं झाकायला किती दिवस लागतील? चटकन २४ सुचतं, उत्तर ४७ आहे. प्रश्न मुद्दामच असा रचलाय की चुकीचं उत्तर आधी डोक्यात यावं. ते तपासायला माणूस थांबतो का, एवढंच पाहायचं असतं. त्यात थोडा भाग आकडेमोडीच्या सरावाचाही असतो. फ्रेडरिक यांच्या मूळ अभ्यासात ३,४२८ जण होते. त्यांतल्या साधारण एक तृतीयांश लोकांचे तिन्ही प्रश्न चुकले, तिन्ही बरोबर आले फक्त १७ टक्क्यांचे. अमेरिकेतल्या एमआयटी या नामांकित तंत्रसंस्थेच्या विद्यार्थ्यांतही तिन्ही बरोबर देणारे निम्म्याहून थोडे कमीच निघाले. तुमची मुलगी कुठल्या गर्दीत उभी आहे ते पाहा. आणि जी चाचणी ‘थांबतेस का’ हे विचारते, तिला तुम्ही घड्याळ लावलंत, म्हणजे थांबायची सवडच काढून घेतलीत. पाठ झालेल्या तीन उत्तरांवरून तर आता काहीच कळणार नाही. तिथे तिची स्मरणशक्ती दिसते, बाकी काही नाही.

खरी गफलत त्या अहवालातल्या एका समजुतीत आहे आणि ती सगळीकडे पसरली आहे : माणसं दोन प्रकारची असतात, एक अंतःप्रेरणेची आणि एक विश्लेषणाची, आणि एक वाढलं की दुसरं कमी होतं. असं नाही. मानसशास्त्रज्ञ सेमूर एपस्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात यासाठी प्रश्नावली तयार केली, तेव्हा या दोन गोष्टी दोन वेगळ्या मापांवर मोजल्या. दोन्हींचा एकमेकांशी फारसा संबंध दिसला नाही. एखाद्याचं दोन्ही भरपूर असू शकतं, एखाद्याचं दोन्ही कमी. पुढे विम दे नेस आणि बेंस बागो या संशोधकांनी लोकांकडून असे प्रश्न आधी घाईघाईत आणि मग सवडीने सोडवून घेतले. शेवटी बरोबर उत्तर देणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांना ते घाईतही बरोबरच सुचलं होतं. म्हणजे झटपट सुचलेलं ते चुकीचं आणि सावकाश आलेलं ते शहाणपणाचं, ही विभागणीही टिकत नाही.

डॉक्टरला तर दोन्ही लागतं. अनुभवी डॉक्टरला रुग्ण दारातून आत येतानाच काहीतरी खटकतं, मग तो तपासण्या करून ते पडताळतो. असा अंदाज भरवशाचा कधी असतो, यावर डॅनियल काहनेमन आणि गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००९ मध्ये एकत्र लिहिलं. अशा अंदाजांबद्दल दोघांची मतं एरवी विरुद्ध टोकांची, तरी इथे त्यांचं जमलं : ज्या कामात काही नियमितपणा असतो आणि आपला अंदाज बरोबर होता की चूक हे वारंवार कळत जातं, तिथे तो तयार होतो. तो वर्षानुवर्षांच्या कामातून येतो. १७ व्या वर्षी तीन कोड्यांतून तो ओळखायला निघणं हा त्या चाचणीचा दुरुपयोग आहे. त्यावरून ‘कमी अनुकूल’ असा शिक्का मारून देणाऱ्याने बेजबाबदार काम केलंय, हे मी स्पष्टच लिहिते.

मार्क बरे आहेत म्हणता, तर प्रवेशपरीक्षेची तयारी आहे तशी चालू द्या. सराव परीक्षेत घाईने चुकलेले आणि मुळात न कळलेले प्रश्न तिने स्वतः वेगळे काढले तर उपयोग होईल, कारण दोन्हींवरचा उपाय वेगळा आहे. ती वही तुम्ही मात्र मागायची नाही.

तुमच्या सगळ्या पत्रात तिला डॉक्टर का व्हायचंय, हे कुठेच नाही. आजारी माणसांच्या जवळ राहायला तिला आवडतं का, रक्त पाहवतं का, इतकी वर्षं शिकत राहायची तयारी आहे का, यातलं काहीच तुम्ही लिहिलं नाहीत. बहुतेक विचारलंही नसेल. म्हणून तुमच्या प्रश्नाला हो किंवा नाही असं उत्तर मी देणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या आणि तुम्ही न वाचता पाठवा.