एकच तळे, बारा महिने

दांडिया बाजार, बडोदे

चि. बाळ हिस अनेक आशीर्वाद.

ऑगस्टमध्ये तळ्यावर पाहिलेला पिवळसर मानेचा, किरमिजी पाठीचा बगळा डिसेंबरात दिसेना, तेव्हा त्याच्या शोधात दुसऱ्या जिल्ह्यात जावे का, असे तू विचारले आहेस. अगं, तो कुठेही गेलेला नाही. काठावर मान खांद्यांत ओढून बसलेला, मातकट, रेघारेघांचा जो वंचक तू यादीत वेगळा पक्षी म्हणून लिहिलास, तोच तो. वीण सरली की ती किरमिजी पाठ जाते. उडताना अचानक उघडणारे पांढरेशुभ्र पंख मात्र दोन्ही वेशांत तेच असतात. मराठीने त्याला हे नाव उगीच दिलेले नाही. कमळपक्ष्याचेही तसेच: पावसाळ्यात शेपटीची ती लांब, बाकदार पिसे, आणि हिवाळ्यात त्यांचा मागमूसही नाही. म्हणून म्हणतो, एकच तळे धर आणि बारा महिने धर.

मी ते केले नाही. सयाजीराव महाराजांच्या काळात, १९१० साली, शेतीच्या पाण्यासाठी बांधलेल्या वढवाणा तलावावर मी वीस हिवाळे पहाटे जाऊन बदके मोजली; पण जूनमध्ये तिथे एकदाही पाऊल टाकले नाही. २०२१ साली त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला, तेव्हा एका विद्यार्थ्याने तिथल्या पावसाळ्याविषयी विचारले आणि मला एक ओळही सांगता आली नाही. घरामागचे डबके बुजवले गेले, तेव्हा तिथे कोणते पक्षी होते याचा लेखी पुरावा कचेरीत मागितला गेला. रोज पाहिले होते. लिहिले काहीच नव्हते.

आता मी विश्वामित्री नदीच्या एकाच वळणावर जातो. (तू आलीस तर काठापासून लांब उभी राहा, मगरी आहेत.) नवे पक्षी पाहणे सोडले म्हणून जुने सोबती मला हट्टी म्हणतात. म्हणोत. भोरड्यांचे, म्हणजे गुलाबी मैनांचे, थवे कधी उतरले आणि सावर फुलून गेल्यावर कधी निघाले, याच्या तारखा माझ्या वहीत आहेत, त्यांच्या कॅमेऱ्यात नाहीत.

मोठ्या लेन्सचे नंतर पाहू. आधी वही घे, त्याच दिवशी लिही, आणि काही दिसले नाही तर तेही लिही. ते न लिहिण्याचा आळस मला मुळीच चालणार नाही. यादीतल्या त्या दोन नोंदी आजच एक कर. पावसाच्या तोंडावर तुझ्या वंचकाची पाठ रंगू लागेल, ती पहिल्यांदा दिसेल त्या दिवसाची तारीख मला कळव.

तुझा,
काका