चीन आसियानशी गोड बोलतो आणि दमही देतो, ते कसे?

प्रश्न : एकीकडे चीन आसियान या आग्नेय आशियाई देशांच्या संघटनेशी करमुक्त व्यापार वाढवतो, दुसरीकडे त्याची तटरक्षक जहाजे फिलिपिन्सच्या बोटींवर पाण्याचे मारे करतात. धोरण बदलले केव्हा? सगळे देश मिळून जाब का विचारत नाहीत?

उत्तर : 1967 साली आसियान स्थापन झाली, तेव्हा चीनच्या लेखी ती अमेरिकेच्या कच्छपी लागलेली संघटना होती. 1990 मध्ये इंडोनेशियाशी तुटलेले संबंध पुन्हा जुळले, सिंगापूरशीही राजनैतिक संबंध आले आणि बर्फ वितळू लागला. पण विश्वास बसला तो 1997 च्या आर्थिक संकटात. थायलंडचा बाट, इंडोनेशियाचा रुपिया कोसळत असताना चीनने युआनचे अवमूल्यन केले नाही. केले असते, तर शेजाऱ्यांच्या निर्यातीला आणखी फटका बसला असता. पुढे 2003 मध्ये बाली इथे चीनने आसियानच्या मैत्री व सहकार्य करारात प्रवेश केला (भारतानेही त्याच वेळी केला, हे आपण विसरतो). 1 जानेवारी 2010 पासून सहा जुन्या सदस्यांशी सुमारे 90 टक्के वस्तूंवरचे आयातशुल्क शून्यावर आले.

व्यापार असा सगळ्या गटाशी; दक्षिण चीन समुद्रातील बेटांचा वाद मात्र ज्या त्या देशाशी स्वतंत्रपणे, हा चीनचा आग्रह. 2002 च्या आसियानसोबतच्या दक्षिण चीन समुद्रविषयक जाहीरनाम्यावर त्याने सही केली, कारण तो बंधनकारक नव्हता.

जाब न विचारण्याचे कारण कार्यपद्धतीत आहे. आसियानमध्ये मतदान होत नाही, एकमत लागते. म्हणजे एक देश अडला की सगळे अडते. जुलै 2012 मध्ये कंबोडियाची राजधानी नॉमपेन्हला आसियान परराष्ट्रमंत्र्यांच्या बैठकीत नेमके हेच घडले. फिलिपिन्सला संयुक्त निवेदनात चीनशी वाद असलेल्या स्कारबरो शोल या खडकाळ उथळ भागाचा उल्लेख हवा होता. चिनी मदतीवर बराच विसंबलेला कंबोडिया अध्यक्षपदी होता. त्याने मसुद्यावर मसुदे फेटाळले. 45 वर्षांत प्रथमच परराष्ट्रमंत्र्यांचे निवेदन निघाले नाही. 12 जुलै 2016 ला दक्षिण चीन समुद्राच्या वादात आंतरराष्ट्रीय लवादाने फिलिपिन्सच्या बाजूने निकाल दिला, तरी त्याच महिन्यात लाओसमधील व्हिएंतियानच्या आसियान निवेदनात निकालाचे नावही आले नाही. आमच्या मते चीनच्या आरमाराइतकाच हा एकमताचा नियम त्याच्या कामी येतो.

म्हणून बातमी वाचताना आधी त्या वर्षीचा अध्यक्ष देश पाहा. मग निवेदनात ‘काही मंत्र्यांनी चिंता व्यक्त केली’ असे आहे की सरसकट ‘आम्ही’, ते तपासा. चीन व आसियान यांच्यातील दक्षिण चीन समुद्राविषयीच्या रखडलेल्या आचारसंहितेबाबत तीनच गोष्टी शोधा : ती कायद्याने बंधनकारक आहे का, नेमका कोणता समुद्रभाग तिच्यात येतो, आणि बाहेरच्या देशांसोबत नौदल कवायती करायला सदस्यांना मोकळीक आहे का.