पिल्लू दात खातंय, थांबू नका

प्रश्न : डॉक्टर, सप्रेम नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मुलीच्या हट्टामुळे फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा पाळीव प्राणी, आणली. चिमी आता पाच महिन्यांची आहे. कालपासून दोनदा पिवळसर फेस ओकली. खाण्याला तोंड लावत नाही, पंजांनी तोंड खरवडते, झोपेत दात खाते. शी शेवयांसारखी बारीक आणि काळपट होते. साताऱ्याहून आलेल्या सासूबाईंनी मायेने तिला दूधभात आणि बेदाणे भरवले होते. त्यानेच बाधलं असेल का? ओव्याचं पाणी देऊ का? घरात रिमोटची दोन रबरी बटणंही सापडत नाहीयेत.

उत्तर : ताई, तुमची मेल रात्री वाचली आणि अंकाची वाट न पाहता फोन केला, कारण शेवटच्या वाक्यापाशी माझा जीव अडकला. तुम्ही ते जाता जाता लिहिलंत, पण चिमीचं दुखणं बहुधा त्यातच होतं.

फेरेटच्या पिल्लांना रबराचं विलक्षण वेड असतं. चपलेचा पट्टा, इअरफोनची टोपी, सोफ्यातला फोम, काहीही कुरतडून गिळतात. आतडं इतकं अरुंद की वाटाण्याएवढा तुकडाही अडकतो. वर्षाच्या आतलं फेरेट आजारी पडलं की माझ्या मनात पहिली शंका हीच येते. आणि कुत्र्यासारखी भडाभडा उलटी होईलच असं नाही. अडकलेलं असूनही कित्येक फेरेट ओकतच नाहीत. त्यांची मळमळ दिसते ती तुम्ही लिहिलीत तशीच : लाळ, तोंड खरवडणं आणि दात खाणं. भाताच्या घासात खडा लागावा तसा तो बारीक करकर आवाज असतो. तो ऐकला की मी उलटी झालीच असं धरून चालतो.

काळपट, डांबरासारखी शी म्हणजे जठरात किंवा वरच्या आतड्यात रक्त झिरपतंय. हेलिकोबॅक्टर मस्टेली नावाचे जंतू बहुतेक फेरेटच्या जठरात असतातच. ताण पडला की ते उचल खातात आणि व्रण होतात. शी हिरवी, बुळबुळीत असती तर मी आधी विचारलं असतं, घरात नवं फेरेट आणलंय का? अमेरिकेच्या पूर्व भागात 1993 मध्ये पहिल्यांदा दिसलेला एक कोरोना विषाणू असाच पसरतो. पिल्लं तो नुसता वाहून आणतात, आजारी पडतात ती घरातली वयस्कर फेरेट.

सासूबाईंना दोष देऊ नका. पण दूध, भात, बेदाणे यापुढे बंद. मुंगसासारखं दिसलं तरी फेरेट पाणमांजराच्या कुळातलं, निव्वळ मांसावर जगणारं जनावर. त्याला सीकम, म्हणजे मोठ्या आतड्याच्या तोंडाशी असणारी पिशवी (अंधांत्र), नसतेच. खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर पडतं, म्हणून धान्य आणि फळं त्याला पचत नाहीत. दुधाने हगवण लागते, पण शेवयांसारखी काळी शी सहसा होत नाही.

फोनवर सांगितलं तेच पुन्हा लिहितो : ओवा नको, हिंगही नको. आयबुप्रोफेन तर चुकूनही नको, फेरेटच्या जिवावर बेततं. अडकल्याची शंका असताना सिरिंजने बळेच भरवायचं नाही. जेमतेम पाऊण किलोचा जीव, झपाट्याने सुकतो. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली आणि ती तशीच उभी राहिली, तर सकाळपर्यंतही थांबायचं नाही. मऊ कापडात गुंडाळा, ताजी शी डबीत घ्या, आणि फेरेट तपासणाऱ्या डॉक्टरकडे निघा. आधी फोन करून विचारा, सगळेच तपासत नाहीत.

त्याच रात्री तुम्ही चिमीला नेलंत, फार बरं केलंत. एक्स-रेत रबर दिसलं नाही, पण जठर हवेने फुगलेलं होतं आणि बोटांना गाठ लागली, म्हणून डॉक्टरांनी पोट उघडलं. तुम्ही पाठवलेल्या फोटोत तुमच्या तळहातावर ते करडं बटण आहे. एका कडेला चिमीच्या दातांच्या खुणा, आणि मधोमध अजून वाचता येणारा 7. आता काही दिवस थोडं थोडं मऊ मांसाचं खाणं, दर तीन-चार तासांनी, आणि डॉक्टरांनी दिलेलं व्रणाचं औषध.

त्यांनी आतडं टोकापर्यंत चाचपलं, दुसरं बटण आत नाही. म्हणजे ते घरात आहे. आज सोफा उलटा करा, गाद्या उचला, चिमी घरी परतायच्या आत ते शोधा.