साहेब बदलले, शेअर विकू का?

प्रश्न : ताई, माझ्या निवृत्तीच्या पैशातला काही भाग एका कॉम्प्युटर कंपनीच्या शेअर्समध्ये आहे. गेल्या महिन्यात तिचे सीईओ अचानक पायउतार झाले आणि शेअर घसरला. नवे सीईओ नावाजलेले आहेत म्हणे. विकून मोकळा होऊ की थांबू? – एक वाचक

उत्तर : जन्मभराच्या कमाईचा प्रश्न आहे, झोप उडणारच. मी बावीस वर्षं एका कॉम्प्युटर कंपनीत हिशेब पाहिले, चार साहेब अनुभवले. पहिल्या तिघांची भाषणं मला आठवत नाहीत. चौथे रुजू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गोदामात गेले आणि खोक्यांवर हात ठेवून एकच विचारत राहिले, "हे किती दिवस पडून आहे?" पडून राहिलेल्या कॉम्प्युटरची किंमत आठवड्यागणिक उतरते हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं, पण तोवर विचारलं कोणी नव्हतं. तेव्हापासून साहेब जोखायचे तर मी आधी साठ्याचा आकडा बघते.

ऑगस्ट 2011 आठवा. 18 तारखेला एचपीचे सीईओ लिओ अपोथेकर यांनी एकाच दिवशी सांगितलं की पीसीचा धंदा वेगळा काढायचा विचार आहे, टचपॅड हा आमचा टॅब्लेट बंद करतोय आणि ऑटॉनॉमी ही सॉफ्टवेअर कंपनी सुमारे 1,000 कोटी डॉलरला घेतोय. टचपॅड बाजारात येऊन दोन महिनेही झाले नव्हते! दुसऱ्या दिवशी शेअर 20 टक्के कोसळला. पुढच्याच महिन्यात अपोथेकर यांना पद सोडावं लागलं, त्यांच्या जागी मेग व्हिटमन आल्या आणि ऑक्टोबरमध्ये त्यांनी पीसीचा धंदा ठेवायचं ठरवलं. ऑटॉनॉमीचा सौदा मात्र पुरा झाला होता. 2012 मध्ये एचपीला 880 कोटी डॉलर बुडीत दाखवावे लागले, त्यातला मोठा वाटा त्याच सौद्याचा.

त्याच महिन्यात, 24 तारखेला, स्टीव्ह जॉब्ज यांनी ॲपलचं सीईओपद सोडलं. एवढा मोठा माणूस पदावरून दूर झाला, तरी दुसऱ्या दिवशी शेअर एक टक्काही उतरला नाही. का? खुर्चीवर बसलेले टिम कुक 1998 पासून तिथेच होते. आले त्याच वर्षी त्यांनी महिन्याभराचा साठा सहा दिवसांवर आणला होता. जॉब्ज आजारपणाच्या रजेवर असताना कंपनीही त्यांनीच चालवली होती. गुंतवणूकदारांनी त्यांचं काम पाहिलं होतं, आणि विश्वास त्या कामावर होता.

म्हणून नव्या सीईओंचं नाव किती मोठं आहे, हे मला फारसं महत्त्वाचं वाटत नाही. ते काय बंद करतात, कशावर पैसा लावतात आणि महिन्याभरात शब्द फिरवतात का, ते बघा. फळ दिसायला वेळ लागतो. लिसा सू ऑक्टोबर 2014 मध्ये एएमडी या कॉम्प्युटर चिपच्या कंपनीच्या सीईओ झाल्या, 2015 मध्ये कंपनीला 66 कोटी डॉलरचा तोटा झाला आणि रायझन चिप बाजारात आली ती मार्च 2017 मध्ये. तिचं काम तर त्या सीईओ होण्याआधीच सुरू झालं होतं. ते त्यांनी तोट्यातही थांबवलं नाही, याचं मला फार कौतुक आहे.

तेव्हा येत्या तीन वर्षांत लागणारा पैसा यात असेल, तर तेवढा आत्ताच काढून घ्या, मग सीईओ कोणीही असो. उरलेल्याची घाई नको. पुढचे दोन तिमाही निकाल येऊ द्या. विक्रीच्या मानाने साठा वाढतोय का, आणि वित्तप्रमुखही राजीनामा देतात का, एवढं पाहा आणि मला पुन्हा लिहा. सोबत ताळेबंदाचं पान जोडा, आपण मिळून वाचू.